दुसऱ्यांदा शून्य

१

पल्लवी चिटणीस बँकेतून घरी आली तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. मे महिन्यात इंदूरजवळच्या नानाखेड्याच्या त्या कॉलनीत संध्याकाळपर्यंत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तिनं फाटक उघडून स्कूटर आत घेतली आणि घराच्या बाजूच्या लोखंडी जिन्याशी तिला नवऱ्याचे पाय दिसले. अनवाणी. सौमित्र जिन्याखाली पालथा पडला होता आणि केसांत रक्त सुकलं होतं.

शेजाऱ्यांनी त्याला फ्रीगंजच्या दवाखान्यात पोहोचवलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

पोलीस ठाण्याच्या टीआय, म्हणजे इन्स्पेक्टर, अहल्या पागे घरी आल्या तेव्हा हवालदारानं निकाल लावूनच टाकला होता.

"मैडम, सीढ़ी से फिसले हैं. सीधा मामला है."

अहल्यानं जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. एवढ्या उशिराही लोखंड भाजत होतं. त्या बुटांचा आवाज करत वर गेल्या. वर एकच खोली, सौमित्रचं ऑफिस. टेबलावर कॉम्प्युटर, समोर काचेची मोठी खिडकी, आणि मधोमध लाकडी चौरंगावर परातीपेक्षा मोठं, गुळगुळीत लाकडाचं चाक. कडेनं लाल-काळे कप्पे, त्यात एकच हिरवा. कॅसिनोतल्या रुलेटचं खरं चाक अहल्या पहिल्यांदाच बघत होत्या.

दाराच्या आत सौमित्रच्या चपला होत्या. जोडीनं, नीट.

"दोपहर में इस जीने पर नंगे पैर उतरोगे?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

हवालदारानं एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा चपलांकडे.

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, कपाळ खरचटलंय, ते पडल्यामुळे. पण डोक्याच्या मागे खोल जखम आहे, गोल कडेची. जिन्यावरून घसरलेला माणूस पुढे तरी पडतो नाहीतर मागे तरी. हा दोन्हीकडे पडलाय."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तीन माणसं बसली होती. पल्लवी कालच्याच साडीत होती. तिच्याजवळ सौमित्रचे काका भय्यासाहेब होते, ऐंशीच्या घरातले, हातात काठी. सौमित्रचे वडील लवकर गेले आणि काकांनी त्याला आपल्या मुलाबरोबर वाढवलं. तो मुलगा, आल्हाद, औषधांची पिशवी घेऊन काउंटर आणि खोली अशा चकरा मारत होता.

"माझी दोन्ही पोरं एका ताटात जेवलीत हो," भय्यासाहेब अहल्याला म्हणाले. "ह्याचं हे असं बघायचं नशिबी होतं."

अहल्यानं पल्लवीला बाजूच्या बाकावर नेलं.

"त्यांचं काम काय होतं नेमकं?"

"कॅसिनोंसाठी हिशेब तपासायचा. म्हणजे, एखाद्या खेळाचे नियम असे असे असतील तर खेळणाऱ्याचं सरासरी किती जाईल, ते काढून सही करून द्यायचं. सध्या गोव्यातल्या एका नव्या टेबलाचं चाललं होतं. शनिवारी ते टेबल सुरू होणार आहे." ती मूळची सांगलीची, बँकेच्या बदलीनं इकडे आलेली, बोलणं अजून तिकडचंच होतं. "मला त्यातलं एवढंच कळायचं, शून्य आलं की कॅसिनो जिंकतो."

"भांडण कुणाशी होतं?"

पल्लवीनं डोळे पुसले. "भांडण म्हणजे... श्रीपाद मुळे म्हणून कॉलेजातले मित्र आहेत, गणिताचे प्राध्यापक. हे काम सोड म्हणून मागे लागले होते. काल सकाळी ते येऊन गेले, मी निघतानाच आले होते. आणि मधुरा. ऑफिसात मदतीला होती. गेल्या आठवड्यात रागानं सोडून गेली."

"आणि आल्हाद?"

"आल्हादभाऊजी तर धंद्यातले भागीदार. गिऱ्हाईक तेच आणतात. कालपासून इथून हलले नाहीत."

आल्हाद चाळिशीचा, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट रात्रभरात चुरगळलेला. अहल्यानं विचारायच्या आधी त्यानं चहा मागवला.

"काल तुम्ही कुठे होतात?"

"सकाळी त्याच्याकडे चहा घेतला. मग भैरवगढला गेलो, छपाईच्या चादरी घ्यायला. गोव्याच्या पार्टीला भेट द्यायच्या होत्या. तिथे चार कारखाने फिरलो, संध्याकाळ झाली. मोबाइलची बॅटरी संपली होती. फोन सुरू केला तर ही खबर."

"मला एक समजावून सांगा. मला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. सौमित्र काढत काय होता?"

आल्हाद जरा पुढे सरकला. विकणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या गळ्यात आपोआप आला. "अहो मॅडम, लोकांना वाटतं की जुगार म्हणजे सरळ लूट. असं काही नाही. प्रत्येक टेबलावर कॅसिनोचा एक वाटा असतो, तो किती ते आम्ही काढून देतो. ह्या नव्या टेबलावर तुम्ही लाल किंवा काळ्यावर लावलं ना, तर कॅसिनोचा वाटा फक्त एक पॉइंट एकोणचाळीस टक्के. इतकं ईमानदार टेबल हिंदुस्थानात दुसरं दाखवा."

अहल्यानं मान डोलावली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"पेशंटनं बोटं हलवली. चांगली खूण आहे, पण इथे न्यूरोसर्जन नाही. चार वाजता अँब्युलन्सनं इंदूरला हलवतोय. सोबत एकच जण बसू शकेल."

पल्लवी उठायच्या आत आल्हाद म्हणाला, "वहिनी, तुम्हाला चक्कर येतेय, तुम्ही बाबांबरोबर मागून गाडीत या. त्याच्याजवळ मी बसतो."

अहल्यानं घड्याळात पाहिलं. वाटेत सौमित्रनं डोळे उघडले, तर त्याला मारणारा कोण हे तो सांगू शकणार होता. आणि ते त्या मारणाऱ्यालाही ठाऊक होतं.

३

श्रीपाद मुळे कॉलेजच्या रिकाम्या वर्गात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. खबर त्यांना सकाळीच कळली होती. डोळे लाल होते, पण आवाज चढलेला.

"हो, भांडलो. आधीच सांगतो. त्याच्यासारखं डोकं संशोधनात असायला हवं होतं. जुगाऱ्यांची दुकानं नीट लावून देण्यात कसलं गणित?"

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, दुकान तर चालणारच आहे, निदान दारावर खरा भाव लिहिलेला असू दे." श्रीपादनी पेन खाली ठेवलं. "ह्यावर मी आणखी चिडलो. अकराच्या सुमारास निघालो. मग दोन ते पाच इथेच परीक्षेला होतो. साठ पोरांनी पाहिलंय मला."

"ह्या नव्या टेबलाबद्दल बोलला का काही?"

"बोलला ना. त्याच्याशी दुसरं काय बोलणार!" ते उठून फळ्यापाशी गेले आणि एक वर्तुळ काढलं. "चाकाला सदतीस कप्पे. अठरा लाल, अठरा काळे, एक शून्य. तुम्ही लालवर लावलं. लाल आलं तर जेवढं लावलं तेवढं वर मिळतं, काळं आलं तर जातं. इथपर्यंत बरोबरीचा सौदा. कॅसिनोची कमाई फक्त त्या एका शून्यात. बरोबर?"

"सदतीसात एकदा."

"झालं. म्हणजे शंभरात दोन पॉइंट सत्तर. आता सोमवारी त्या लोकांनी एक सवलत घातली. शून्य आलं तर पैसे लगेच जायचे नाहीत, कैदेत जायचे. चाक पुन्हा फिरवायचं. लाल आलं तर तुमचे पैसे सुटले, जेवढे होते तेवढे परत. काळं आलं तर गेले."

"आणि परत शून्यच आलं तर?"

श्रीपादनी चमकून पाहिलं. प्रश्न त्यांना आवडला. "तर कैदेतच राहायचं, चाक आणखी एकदा. शेवटी कधीतरी लाल नाहीतर काळं येणारच, दोन्हींची शक्यता सारखी. म्हणजे कैदेतले निम्मे सुटतात. म्हणून वाटाही निम्मा. एक पॉइंट पस्तीस."

"पस्तीस? एकोणचाळीस नाही?"

"एकोणचाळीस कुठून आणलंत? आल्हाद बोलला असेल. त्याला सांगा, चुलतभावाचे आकडे तरी पाठ कर."

अहल्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "सर, आल्हाद गणितात कसा?"

"बी.ए.ला माझ्याकडे शिकवणीला होता. भागाकार आला की पोट दुखायचं त्याचं. पण एकदा ऐकलेला आकडा विसरत नाही. सेल्समन आहे ना."

जीपमध्ये बसताना अहल्याच्या मनात दोन गोष्टी एकमेकींवर आदळत होत्या. आल्हाद ऐकलेला आकडा विसरत नाही. आणि आल्हादनं चुकीचा आकडा सांगितला.

४

मधुरा कोचिंग क्लासच्या ऑफिसात भेटली. तिशीची, सडपातळ, बोलताना ओढणीच्या टोकाला पीळ देणारी.

"मी नाही काही केलं," ती पहिलंच वाक्य बोलली.

"मी म्हटलं कुठे? काम का सोडलंत?"

"सर चांगले होते. आल्हादसरांशी पटलं नाही." तिनं एकदा दाराकडे पाहिलं. "ते म्हणायचे की ड्राफ्ट लवकर पाठव, सौमित्र नंतर बघेल. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, आल्हाद असं करणार नाही, तुझा गैरसमज झालाय. मग मी राहिले नाही. वाईट वाटलं की, माझ्यापेक्षा त्यांना भाऊ खरा वाटला."

"नव्या टेबलाचा आकडा आठवतो?"

"लाल-काळ्याला दोन पॉइंट सत्तर. साधा युरोपातला नियम. अमेरिकेतलं दोन शून्यांचं चाक असतं तर पाच पॉइंट सव्वीस झाले असते, सर त्याला हातच लावत नसत."

"कैदेचा नियम?"

"कैद? असं काही नव्हतं माझ्यावेळी."

खरंच नव्हतं. तो नियम सोमवारी आला आणि मधुरा त्याच्या आधीच गेली होती. अहल्यानं मोबाइलवर कालचे खोलीचे फोटो दाखवले. "यातलं काही नेहमीपेक्षा वेगळं दिसतं?"

मधुरानं एकेक फोटो मोठा करून पाहिला. खिडकी, टेबल, चपला. चाकाच्या फोटोवर तिचं बोट थांबलं.

"ह्याचा वरचा दांडा कुठे गेला?"

"कुठला दांडा?"

"चाकाच्या मधोमध पितळेचा जाड दांडा असतो, वर गोल मूठ. हातात धरून चाक फिरवायला. फिरकीचा आहे, निघतो. चांगला जड आहे, मॅडम. एकदा माझ्या पायावर पडला होता, महिनाभर लंगडत होते."

अहल्यानं फोटो पाहिला. चाकाच्या मधोमध एक उघडं भोक होतं. काल ते त्यांनी पाहिलं होतं आणि चाक असंच असतं असं समजून सोडून दिलं होतं. गोल कडेची जखम. स्वतःवरच त्यांना राग आला.

हवालदाराला फोन लावून त्यांनी घर, अंगण, गटार शोधायला सांगितलं. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. दांडा कुठेच नव्हता.

दोन वाजून गेले होते.

५

जीप सावलीत उभी करून अहल्या डोळे मिटून बसल्या. एकाच टेबलाबद्दल तिघांनी तीन आकडे सांगितले होते. मधुरा, दोन पॉइंट सत्तर. श्रीपाद, एक पॉइंट पस्तीस. आल्हाद, एक पॉइंट एकोणचाळीस. पहिल्या दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. नियम बदलला तसा आकडा बदलला, आणि ज्याचं सौमित्रशी शेवटचं बोलणं जेव्हा झालं, तेव्हाचा आकडा त्याच्याजवळ राहिला. मग एकोणचाळीस कधीचा?

त्यांनी पल्लवीकडून गोव्याचा नंबर घेतला. तिथल्या टेबलाचा मॅनेजर अमोल नावाचा होता, बोलणं मालवणकडचं.

"सौमित्रसरांचं कळलं मॅडम. फार वाईट झालं. काल दुपारीच बोललो होतो त्यांच्याशी."

अहल्या ताठ बसल्या. "किती वाजता? कशाबद्दल?"

"जेवण झाल्यावर, दोनच्या सुमारास. आमच्या मालकांनी ऐनवेळी एक अट घातली. कैदेत पैसे असताना दुसऱ्यांदा शून्य आलं, तर पुन्हा कैद नाही, पैसे कॅसिनोचे. मी म्हटलं, सर, एवढंसं बदलतोय, चालेल ना? सर्टिफिकेट तर तुमच्या सहीचं आलंच आहे, टेबलाचं कापडसुद्धा छापून झालंय, एक पॉइंट पस्तीस म्हणून."

"मग?"

"सर जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, आकडा बदलेल, मी काढतो आणि कळवतो. पण कळवलं नाही. चारला मी आल्हादसरांना लावला, त्यांचा बंद."

"ही नवी अट तुम्ही आणखी कुणाला सांगितली? नीट आठवून सांगा."

"कुणालाच नाही. मालकांनी मला तोंडी सांगितली, मी सरांना. आज सकाळी आल्हादसरांशी बोललो, पण ते अपघाताचं सांगत होते, तिथे नियम काय काढणार? बरं दिसलं नसतं."

फोन ठेवून अहल्यानं मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडला. श्रीपादांचं वर्तुळ डोळ्यांसमोर होतं. शून्य येण्याची शक्यता सदतीसात एक. मग पैसे कैदेत. चाक पुन्हा फिरलं. सदतीसांपैकी अठरा कप्पे सोडवणारे. बाकीचे? आधी अठरा काळे बुडवायचे आणि शून्य तटस्थ होतं. आता शून्यही बुडवणार. म्हणजे एकोणीस. सदतीसात एकोणीस, आणि त्याचा पुन्हा सदतिसावा भाग. सदतीस गुणिले सदतीस, तेराशे एकोणसत्तर. एकोणीस भागिले तेराशे एकोणसत्तर.

पडद्यावर आकडा आला. शून्य पॉइंट शून्य एक तीन आठ सात.

शंभरात एक पॉइंट एकोणचाळीस.

एक पॉइंट पस्तीसला कितीही ओढलं तरी त्याचे एकोणचाळीस होत नाहीत. हा आकडा काल दुपारी दोननंतर, त्या वरच्या खोलीत, एका माणसानं पहिल्यांदा काढला होता. आणि तो माणूस तेव्हापासून बेशुद्ध होता.

"दवाखाना," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "जल्दी."

फ्रीगंजच्या पुलावर यात्रेकरूंच्या बसेस अडकल्या होत्या. तेवढ्यात पल्लवीचा मेसेज आला. डॉक्टरांनी घाई केली होती. सौमित्रला अँब्युलन्समध्ये ठेवलं होतं आणि गाडी निघत होती.

६

अहल्या पुलावर उतरल्या आणि पळत सुटल्या. दवाखान्याच्या आवारात अँब्युलन्सचं मागचं दार बंद होत होतं.

"रोको!"

आत सौमित्र स्ट्रेचरवर होता, नाकातोंडावर मास्क. त्याच्या उशाशी आल्हाद.

"काय झालं मॅडम?" आल्हाद म्हणाला. "उशीर होतोय. पेशंट सीरियस आहे."

"एकच मिनिट. खाली या. पल्लवीताई, तुम्ही आत बसा."

पल्लवी काही न विचारता आत चढली. आल्हाद खाली उतरला, पण एक हात दारावरच ठेवून. भय्यासाहेब गाडीजवळ काठीवर रेलून उभे होते. अहल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते इथे नसते तर बरं झालं असतं असं त्यांना वाटून गेलं.

"सकाळी तुम्ही मला कॅसिनोचा वाटा सांगितलात. परत सांगता?"

"एक पॉइंट एकोणचाळीस. पण आत्ता हे..."

"तुम्हाला कुणी सांगितला हा आकडा?"

"सौमित्रनं. दुसरं कोण सांगणार?"

"कधी?"

"काल सकाळी. चहाच्या वेळी."

"नक्की? नंतर भेट नाही, फोन नाही?"

"नाही म्हटलं ना. मी भैरवगढला होतो."

"काल सकाळी आकडा एक पॉइंट पस्तीस होता," अहल्या म्हणाल्या. "श्रीपादसरांना सौमित्रनं सकाळी तोच सांगितला. कापडावर तोच छापलाय. एकोणचाळीस हा आकडा काल दोनच्या आधी कुणाजवळच नव्हता, कारण तो नियमच नव्हता."

आल्हादच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच राहिलं, पण त्यामागचं काहीतरी निघून गेलं.

"मग अमोलनं सांगितलं असेल. आमचं रोज बोलणं होतं."

"अमोलला काल तुमचा फोन लागला नाही. आज नियमाचा विषय निघाला नाही."

"मग मीच काढला असेल. धंदा आहे माझा."

अहल्यानं आपला मोबाइल पुढे केला. कॅल्क्युलेटर उघडाच होता. "काढून दाखवा. दुसऱ्यांदा शून्य आलं तर पैसे जातात, एवढंच बदललंय. तुम्ही काढून दाखवलंत तर मी माफी मागते आणि गाडी सोडते."

आल्हादनं मोबाइल घेतला. अंगठा पडद्यावर आला. तीन दाबलं, सात दाबलं. मग अंगठा तिथेच थांबला. अँब्युलन्सचं इंजिन घरघरत होतं. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"आल्हाद," भय्यासाहेब म्हणाले, "सांग ना बाबा त्यांना. येतं ना तुला?"

आल्हादनं मोबाइल परत दिला. 

अहल्यानं त्याच्या गाडीची किल्ली मागितली. डिकीत भैरवगढच्या चादरींचा गठ्ठा होता, लाल-काळ्या बुट्ट्यांचा. तिसऱ्या चादरीच्या घडीत काहीतरी जड लागलं. पितळेचा दांडा. तो पुसलेला होता, पण मुठीच्या खाचेत काळपट रक्त राहून गेलं होतं.

भय्यासाहेब खाली बसले. जमिनीवरच, उन्हात.

"गाडी सोडा," अहल्यानं ड्रायव्हरला सांगितलं.

७

ठाण्यात आल्हाद लवकरच बोलू लागला.

"मी मारायला गेलो नव्हतो, मॅडम. चादरी दाखवायला गेलो होतो. तीन वाजले असतील. तो खिडकीशी उभा होता. म्हणाला, माझी सही कुणी केली? मी म्हटलं, अरे, तुझाच आकडा होता, एक पॉइंट पस्तीस, तूच काढलेला. शनिवारी टेबल सुरू होणार, तू चार-चार दिवस बसतोस तपासत, मी पाठवून दिलं. तर म्हणाला, आता तो आकडा खरा नाही. एक पॉइंट एकोणचाळीस आहे. तेच तेच म्हणत राहिला. मी म्हटलं, चार शतांशाचा फरक आहे, सौमित्र! कोण मोजणार? तर म्हणाला, मी मोजलाय ना. आत्ता गोव्याला कळवतो की ती सही माझी नव्हती. मग पुन्हा माझ्याकडे पाठ केली." आल्हादनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "त्यानं ते कळवलं असतं तर मला कुणी दारात उभं केलं नसतं."

सौमित्रला जिन्यापर्यंत ओढत नेल्याचं आणि वरची फरशी पुसल्याचं त्यानं सांगितलं. चपला घालायचं सुचलं नाही, म्हणाला.

सौमित्रनं इंदूरला शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडले. बोलण्याइतकी ताकद यायला बरेच दिवस गेले. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा अहल्या जबाब घ्यायला गेल्या. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून भय्यासाहेबांचा आवाज येत होता.

"तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. पायऱ्यांवरून पाय घसरला, एवढं म्हण. बाकी वकील बघतील. मागून आलेला माणूस तुला दिसला कुठे होता? आठवत नाही म्हटलंस तरी खोटं होणार नाही."

अहल्या आत गेल्या. भय्यासाहेबांनी तोंड फिरवलं, पण उठले नाहीत. पल्लवी खिडकीपाशी उभी होती.

"बाहेर थांबू?" अहल्यानं विचारलं.

"नको, मॅडम," सौमित्र म्हणाला. डोक्याला पट्टी होती, आवाज घोगरा, शब्दाशब्दाला थांबणारा. "काकांनाही बसू द्या. त्यांच्यासमोरच सांगायचंय."

अहल्यानं पेन काढलं.

"आल्हादनं मारलं. पितळेच्या दांड्यानं, मागून."

भय्यासाहेबांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. सौमित्रनं हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही. हात चादरीवर तसाच राहिला.

"पण आणखी एक आहे, तेही लिहा," तो म्हणाला. "अगदी तसंच लिहा. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. काचेत मला तो दिसत होता."

अहल्याचं पेन थांबलं. "दिसत होता?"

"सगळा. त्यानं दांडा फिरवून काढला. वर उचलला. आणि मग खाली केला, मॅडम. पूर्ण खाली, मांडीपर्यंत. त्यानं मारलं, तसा तो आधी एकदा थांबलाही होता. हे कोर्टात यायला पाहिजे."

"मग तुम्ही वळला का नाहीत?" अहल्यानं विचारलं. "निदान ओरडला का नाहीत?"

सौमित्रनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला,

"मला वाटलं, आल्हाद आहे. नाही मारणार."

काकांनी त्याचा हात हातात घेतला.